वांकडें चित्र आणि त्याचा धनी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव आपल्या चार सोबत्यांना घेऊन आमच्या घरीं आले. हीं सारीं चित्रपटकलेचें शिक्षण घेणारीं मुलें. शेवटच्या परीक्षेसाठीं त्यांनीं चौदा मिनिटांचा एक भयपट तयार केला होता, आणि परीक्षकांपुढें ठेवण्यापूर्वीं तो आम्हीं पाहावा असा त्यांचा आग्रह होता. जुन्या वाड्यांत एकटीच राहावयास आलेली एक तरुणी, माजघरांतील एक बुजविलेला कोनाडा, आणि रात्रीं त्या कोनाड्याच्या बाजूनें येणारा आवाज, एवढीच कथा. वाडा खरोखरीचा जुना होता, आणि मुलीचें कामही बरें झालें होतें. परंतु संकलनाच्या वेळीं या मंडळींनीं संगणकांत जितक्या म्हणून युक्त्या सांपडल्या तितक्या सर्व वापरल्या होत्या. भिंती पाण्यासारख्या हेलकावत होत्या. चेहरे तांबड्या, हिरव्या व निळ्या कडांत फुटत होते. चित्र थरथरे, ताणलें जाई, मध्येंच उलटें होई. आम्हीं मोजलें नाहीं, पण वीसपंचवीस वेळां तरी तें वांकडें झालें असावें. चौदा मिनिटें संपलीं आणि दिवा लागला. कोणीही भ्यालें नव्हतें. घरांतल्या मंडळींनीं मुलांचें कौतुक केलें, चहा झाला. पण कौतुक करणारे आणि करून घेणारे दोघेही मनांतून ओशाळले होते.

जातांना तो मुलगा दारांत थांबला आणि म्हणाला, "काका, नेमकें चुकलें कोठें? याहून चांगलें साधन घ्यावयास हवें होतें कां?" परीक्षेस अजून तीन आठवडे होते. त्या पांच जणांनीं वर्षभर सांठविलेले पैसे त्या चौदा मिनिटांत घातले होते, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यामुळें वरवरचें कांहीं सांगून त्यांची बोळवण करणें आम्हांस प्रशस्त वाटेना. "विचार करून सांगतों," असें म्हणून आम्हीं वेळ मागून घेतला.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस सव्वादोनशें वर्षें मागें जावें लागलें. प्रेक्षकाला भिवविण्यासाठीं चित्र वांकडें करणें ही विद्या संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. ती चलच्चित्रांहूनही जुनी आहे. तिचा इतिहास ओळीनें पाहूं गेलें असतां साधनें बदलत गेलेलीं दिसतात, पण एक नियम मात्र बदललेला दिसत नाहीं. चित्र वांकडें झालें म्हणजे प्रेक्षक मनांतल्या मनांत विचारतो, 'हें वांकडेपण कोणाचें?' या प्रश्नाला उत्तर मिळालें, किंवा दोन उत्तरांत त्याचें मन अडकून पडलें, तरच भीति उत्पन्न होते. उत्तरच नसेल तर उरते ती नुसती करामत. हें आमचें म्हणणें इतिहासाच्या आधारें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पॅरिस शहराकडे वळूं. फ्रेंच राज्यक्रांतींतील रक्तपाताच्या आठवणी अद्याप ओल्या होत्या, अशा वेळीं, म्हणजे १७९९ सालीं, एत्येन-गास्पार रोबेर नांवाच्या गृहस्थानें ओसाड पडलेल्या एका मठांत भुतांचे खेळ सुरू केले. 'रॉबर्टसन' हें त्याचें व्यवसायांतील नांव. त्याचें साधन म्हणजे जादूचा कंदील. परंतु तो त्यानें चाकांवर बसवून पडद्याच्या मागें ठेवला होता. कंदील पडद्यापासून दूर ओढला म्हणजे आकृति मोठी होई, आणि ती आपल्या अंगावर येत आहे असें प्रेक्षकांस वाटे. कांचेवरील चित्राभोंवतालची सर्व जागा काळ्या रंगानें झांकलेली असल्यामुळें भुताला पार्श्वभूमि नसे. तें अधांतरीं तरंगे. कधीं कधीं तो पडद्याऐवजीं धुरावरच चित्र पाडी, आणि धूर हलला कीं मृताचा चेहराही हले. या खेळांतील मर्माची गोष्ट मात्र कंदिलांत नव्हती. प्रेक्षकांना आधीं मठाच्या अंधाऱ्या वाटांनीं आंत आणीत, आणि मग सर्व दिवे मालवीत. ज्या मठांत एके काळीं माणसें राहून गेलीं त्या मठांतच हीं भुतें उठत. तीं कोणाचीं, हें कोणास वेगळें सांगावें लागत नसे.

असा जादूचा कंदील आपल्याकडेही आला, आणि आपल्या माणसांनीं त्याला आपलें रूप दिलें. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कंदिलाचे खेळ दाखविण्यास आरंभ केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं रामायण-महाभारतांतील पात्रें पडद्यावर हलूं लागत, आणि लोक तोंडांत बोट घालीत. परंतु तो खेळ भयाचा नव्हता. पॅरिसमध्यें जें यंत्र मेलेल्यांना उठवी, तेंच कल्याणास देवांना चालवूं लागलें. यंत्राच्या अंगीं स्वतःचें असें भय नसतें, हें येथेंच ध्यानांत येतें.

पुढें चलच्चित्रें आलीं. ल्युमिएर बंधूंनीं १८९५ च्या डिसेंबरांत पॅरिसमध्यें आपला खेळ लावला, आणि ७ जुलै १८९६ रोजीं तो मुंबईंत वॉटसन हॉटेलांत येऊन पोहोंचला. त्याच वर्षीं ल्युमिएर मंडळींनीं एक भिंत पाडण्याचें साधें चित्र घेतलें होतें. तें दाखवून झाल्यावर फीत उलटी फिरवीत. पडलेली भिंत धुरळ्यांतून पुन्हां उभी राही, आणि प्रेक्षागृहांत हंशा पिके. कालाचा प्रवाह उलटा फिरविणें ही खरें पाहतां केवढी भयंकर गोष्ट! पण कोणी भीत नसे, कारण फीत फिरविणारा मनुष्य प्रेक्षकांच्या पाठीशींच उभा असल्याचें सर्वांस ठाऊक होतें. वांकडेपणाचा धनी यंत्रवालाच, आणि तो तर आपला मित्र.

जॉर्ज मेलिएस हा तर मूळचा जादूगारच. त्याच्या १९०१ च्या एका छोट्या चित्रांत एक शास्त्रज्ञ टेबलावर स्वतःचेंच डोकें ठेवून भात्यानें त्यांत हवा भरतो. डोकें फुगत फुगत जातें आणि शेवटीं फुटतें. कॅमेरा जागचा न हलवितां, मेलिएस स्वतःच एका गाड्यावर बसून कॅमेऱ्याच्या जवळ जवळ सरकत गेला, म्हणून डोकें वाढलें. बाकीचा देह काळ्या पार्श्वभूमीनें गिळला. ही रॉबर्टसनचीच युक्ति, फक्त कंदिलाऐवजीं माणूस चाकांवर आला. तरीही रॉबर्टसनकडे लोक भीत आणि मेलिएसकडे हांसत; कारण मेलिएस चित्राच्या आरंभींच रंगभूमीवरील जादूगाराप्रमाणें प्रेक्षकांस सलाम करी.

आमचे दादासाहेब फाळके याच पंथाचे. तेही जादूचे प्रयोग करीत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत कॉरोनेशन थिएटरांत लागला. पण त्यापूर्वीं, १९१२ सालीं, त्यांनीं एक लहानसें चित्र घेतलें होतें. कुंडींत वाटाणा पेरावयाचा, कॅमेरा त्याच्यापुढें रोवावयाचा, आणि ठराविक अंतरानें एकेकच चित्र घ्यावयाचें. कित्येक दिवसांची वाढ कांहीं क्षणांत पडद्यावर उलगडली, आणि भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. वाटाण्याचा कोंभ मुठी वळीत, डोकें वर काढीत जमिनींतून निघतो हें दृश्य एखाद्या भयपटांतही शोभलें असतें. फाळक्यांनीं त्यांतून आश्चर्य उभें केलें. १९१९ च्या 'कालियामर्दना'च्या प्रारंभीं तर त्यांनीं आपली कन्या मंदाकिनी हिचे निरनिराळे हावभाव आधीं दाखविले, आणि मग तिला कृष्ण केली. 'ही माझी मुलगी, आणि आतां हा तुमचा देव,' असें सांगणारा हा प्रामाणिक जादूगार होय. येथें धनी पडद्यासमोर येऊन उभा राहतो. म्हणून कौतुक होतें, भक्तीही होते, पण भय होत नाहीं.

मग चित्रपटांत भय आलें कोठून? जादूगार पडद्यामागें गेला आणि वांकडेपणाला दुसरा धनी मिळाला, तेव्हां तें आलें. हा पालट कसा झाला हें दोन चित्रपट शेजारीं ठेवले म्हणजे समजतें.

१९१५ सालीं आबेल गान्स या तरुण फ्रेंच दिग्दर्शकानें 'डॉक्टर ट्यूबचें वेड' हें चित्र घेतलें. एका तऱ्हेवाईक डॉक्टरला एक भुकटी सांपडते, आणि तिच्या योगानें माणसें लांब, रुंद, वेडींवांकडीं दिसूं लागतात. वांकड्या आरशांच्या साह्यानें गान्सनें पडदाच्या पडदा ओढून काढला. पण निर्मात्यांनीं तें चित्र प्रदर्शितच केलें नाहीं. आज तें पाहतांना कल्पकतेचें नवल वाटतें, आणि थोड्याच वेळांत डोळे थकतात. सगळेंच वांकडें झाल्यावर कशाच्या मानानें वांकडें, हें कळेनासें होतें. जत्रेंतल्या आरशांच्या तंबूंत आपण फार वेळ थांबत नाहीं, त्याचें कारण हेंच.

यानंतर पांच वर्षांनीं, १९२० च्या फेब्रुवारींत, बर्लिन येथें रोबेर्ट वीने यांचा 'डॉक्टर कॅलिगरीची कोठडी' हा चित्रपट लागला. यांत कॅमेरा अगदीं सरळ आहे. वांकडें आहे तें जगच. वार्म, राइमान आणि रोरिग या तिघां चित्रकारांनीं रस्ते तिरपे काढले, खिडक्या काटकोन सोडून कापल्या, सांवल्यासुद्धां रंगानें रंगविल्या. वास्तविक हा गान्सहून मोठा अतिरेक. तरी तो चित्रपट शंभर वर्षें टिकला. कारण त्या वांकडेपणाला धनी आहे. गोष्ट सांगणारा तरुण वेड्यांच्या इस्पितळांतला रोगी आहे हें शेवटीं उघड होतें, आणि एवढा वेळ आपण त्याच्या डोळ्यांनीं पाहत होतों हें ध्यानांत येऊन प्रेक्षक चरकतो. गंमत अशी कीं, कथा संपल्यावरही इस्पितळाचें आवार सरळ होत नाहीं. तें तसेंच तिरपें राहतें. मग वेडा तो, कीं त्याला वेडा ठरविणारे? प्रेक्षक दोन उत्तरांत अडकतो, आणि चित्रगृहाबाहेर पडल्यावरही सुटत नाहीं.

जर्मनींतील पुढची मोठी पायरी म्हणजे मुर्नाऊचा १९२२ चा 'नोस्फेरातु'. मुर्नाऊनें रंगविलेले पडदे टाकून दिले आणि विस्मारसारख्या खऱ्या गांवांत, खऱ्या रस्त्यांवर आणि खऱ्या डोंगरांत चित्रण केलें. या सरळ जगांतून त्याचा नायक सरदाराच्या गढीकडे निघतो. न्यावयास आलेली गाडी अस्वाभाविक वेगानें दौडते, कारण चित्रें तुटक घेतलेलीं आहेत. आणि मग कांहीं क्षण पडद्यावर उलटी छाया येते, आकाश काळें आणि झाडें हाडांसारखीं पांढरीं. हा सारा प्रकार कांहीं सेकंदांत आटोपतो. एका राज्याची हद्द संपून दुसऱ्याची लागली, एवढें त्यानें सांगितलें आणि तो बाजूला झाला. आमच्या तरुण मित्रांच्या वीसपंचवीस प्रसंगांच्या शेजारीं हे कांहीं क्षण ठेवून पाहावे.

वांकडेपणाचा धनी म्हणजे पाहणारें पात्र, हा नियम मुर्नाऊनेंच १९२४ च्या 'शेवटचा माणूस' या चित्रांत अगदीं स्वच्छ करून दाखविला. हें चित्र भयाचें नाहीं. एका भपकेबाज हॉटेलांतला म्हातारा द्वारपाल आपला गणवेश आणि त्याबरोबर मान गमावतो, ही त्याची कथा. घरच्या लग्नांत तो फार पितो तेव्हां छायालेखक कार्ल फ्रॉइंड यानें कॅमेरा स्वतःच्या छातीशीं बांधला आणि तो झोकांड्या खात फिरला. पडदा डोलतो, चित्र धूसर होतें, आणि आपल्याला त्या म्हाताऱ्याची दया येते. डोलणारी खोली त्याची आहे, आपली नव्हे. पण क्षणभर तो तिच्यांत आपल्याला जागा देतो.

डेन्मार्कचा कार्ल ड्रायर याची हकीकत तर विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९३२ सालीं लागलेल्या त्याच्या 'व्हँपायर' या चित्राच्या आरंभींच्या चित्रणांत, भलत्याच ठिकाणचा प्रकाश भिंगांत शिरल्यानें एक तुकडा राखी, फिकट असा निघाला. दुसऱ्या कोणीं तो फेंकून दिला असता. ड्रायर व त्याचा छायालेखक रुडोल्फ माते यांनीं त्यांत आपल्या चित्राची वृत्ति ओळखली, आणि पुढें कॅमेऱ्यासमोर कांहीं अंतरावर जाळीदार कापड धरून, त्यावर दिवा पाडून, ती चूक जाणूनबुजून वापरली. या चित्राचा नायक अर्धवट स्वप्नांतच वावरणारा तरुण आहे. सगळें चित्र पहाटेच्या धुक्यासारखें दिसतें तें त्याच्यामुळें. त्या धुक्यांत एका खड्डा खणणाऱ्याची सांवली दिसते, आणि उडालेली माती परत त्याच्या फावड्यावर येऊन पडते. ल्युमिएर मंडळींची भिंत जशी उठली तशीच ही माती उठते. तेथें लोक हांसले, येथें श्वास रोखतात. युक्ति एकच, धनी निराळा.

जर्मनींत घडलेल्या या विद्येचें वारें महाराष्ट्रापर्यंतही आलें. 'सैरंध्री' या रंगीत चित्रपटाच्या कामासाठीं १९३३ सालीं व्ही. शांताराम जर्मनीस गेले होते. परत आल्यावर पुण्याच्या प्रभात चित्रनगरींत त्यांनीं 'अमृतमंथन' काढला, तो १९३४ चा. त्यांतील राजगुरूचा डोळा ज्यांनीं पाहिला ते तो विसरले नाहींत. दूरचें जवळ आणणाऱ्या भिंगानें चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर केला होता. एवढा डोळा जगांत कोठेंही नसतो. परंतु बळी मागणाऱ्या त्या धर्ममार्तंडाच्या सत्तेखालीं वावरणाऱ्यांना तो एवढाच वाटत असला पाहिजे. १९३७ च्या 'कुंकू'मध्यें तर भूतखेत कांहींच नाहीं. पण तरुण मुलीशीं लग्न करून बसलेले काकासाहेब फुटक्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांत आपलेच चेहरे पाहतात, तो प्रसंग कोणत्याही भयपटाहून कमी नाहीं. त्या वांकड्यातिकड्या चेहऱ्यांचा धनी म्हणजे त्यांचें स्वतःचें मन. त्याच प्रभातच्या जागेंत १९६० पासून चित्रपटविद्येचें सरकारी शिक्षण सुरू झालें, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें लहान नव्हे.

येथपर्यंतच्या साऱ्या करामती बहुतेक कॅमेऱ्याच्या पुढें किंवा कॅमेऱ्याच्या आंत होत. जाळी धरा, आरसा ठेवा, फीत हळू किंवा जलद फिरवा. आणि एकदां घेतलें तें घेतलें. पुढें प्रयोगशाळेंत घेतलेल्या चित्राचेंच पुन्हां चित्र घेणारीं यंत्रें सुधारत गेलीं, आणि वांकडेपणा हळूहळू संकलकाच्या टेबलाकडे सरकूं लागला. तरी ज्या प्रसंगांची आठवण राहिली, त्यांत पूर्वविचार चित्रणाच्या वेळींच झालेला दिसतो. आल्फ्रेड हिचकॉक एकदां दारूच्या अंमलांत असतां त्यांस सर्व वस्तु आपल्यापासून दूर दूर जात आहेत असें वाटलें होतें. तो अनुभव पडद्यावर आणण्याची इच्छा त्यांनीं पंधराएक वर्षें मनांत बाळगली. १९५८ च्या 'व्हर्टिगो'मध्यें ती पुरी झाली: कॅमेरा एका दिशेनें न्यावयाचा आणि त्याच वेळीं भिंगाचा टप्पा उलट दिशेनें बदलावयाचा. जिन्याची लहान प्रतिकृति आडवी ठेवून घेतलेल्या या दृश्यास १९,००० डॉलर खर्च आला. जिना जागच्या जागीं लांबतो, आणि उंचीला भिणाऱ्या नायकाच्या पोटांत पडलेला खड्डा आपल्याही पोटांत पडतो.

१९६३ च्या 'द हाँटिंग' या चित्रासाठीं रॉबर्ट वाइझ यांना घराच्या आंतल्या बाजू जिवंत वाटावयास हव्या होत्या. पॅनाव्हिजनकडे एक रुंद टप्प्याचें नवें भिंग होतें. तें अद्याप निर्दोष झालेलें नव्हतें, त्यांतून रेषा वांकत. सदोष भिंग आपण समजूनउमजून घेत आहों असें लिहून देऊन वाइझ यांनीं तें मिळविलें. या चित्रांत एकही भूत दिसत नाहीं. भिंती किंचित् फुगीर दिसतात, आणि त्या घराच्या द्वेषानें फुगल्या कीं त्या घरांत आलेल्या एकाकी बाईच्या मनामुळें, याचा निकाल शेवटपर्यंत लागत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, 'धनी पाहिजे म्हणतां, आणि धनी कोण हें ठरत नाहीं त्या चित्रांचीच वाखाणणी करतां!' आक्षेप रास्त आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं, संशय उत्पन्न होण्यास निदान दोन दावेदार लागतात. घर आणि बाई हे दोघेही आपल्या ओळखीचे झाले, म्हणून फुगलेली भिंत कोणाची याचा वाद उभा राहिला. दावेदारच नसेल तर खटला उभा राहत नाहीं.

पैसा नाहीं म्हणून अडून बसणाऱ्यांनीं सॅम रेमी व त्यांच्या सोबत्यांकडे पाहावें. मिशिगनमधील या विशीच्या आंतबाहेरच्या तरुणांनीं भांडवलासाठीं आधीं १९७८ मध्यें एक छोटा भयपट काढून दाखविला, जसा फाळक्यांनीं वाटाणा दाखविला होता, आणि मग 'द ईव्हिल डेड' काढला; तो १९८१ सालीं प्रथम लोकांपुढें आला. एका फळीच्या मध्यावर कॅमेरा बसवून, दोन्ही टोकें दोघांनीं धरून ते रानांतून पळत सुटले. चित्र हिसके खातें, झुडुपांवरून झेपावतें, आणि हें रानांतल्या अदृश्य शक्तीचें पाहणें आहे हें प्रेक्षक क्षणांत ओळखतो. एका फळीनें तिला डोळे दिले.

एड्रिअन लाइन यांच्या १९९० च्या 'जेकब्ज लॅडर'मध्यें एका माणसाचें डोकें अमानुष वेगानें हलतें. तेथें कोठलीही यंत्रविद्या नाहीं: नट आपलें डोकें हलवीत होता आणि कॅमेरा सेकंदास चारच चित्रें घेत होता, तीं सेकंदास चोवीस या वेगानें दाखविलीं. तें दिसतें तें युद्धानें मोडलेल्या एका शिपायाला. आणि जपानी दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांच्या १९९८ च्या 'रिंग'मध्यें विहिरींतून आलेली सादाको जी चालते, तें चालणें नटीनें उलट पावलांनीं करून दाखविलें आणि फीत सुलट्याऐवजीं उलटी लावली. पुन्हां ल्युमिएर मंडळींची तीच भिंत! परंतु येथें वांकडेपणाचा धनी म्हणून एक नवीनच वस्तु उभी राहिली: घरांतली फीत आणि घरांतला दूरदर्शनचा डबा. बिघडलेलें, खरखरणारें चित्र हें सर्वांच्या नित्याच्या अनुभवाचें. तो बिघाडच कोणाचा तरी संदेश आहे, असें त्या चित्रानें सुचविलें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांच्या टेबलाकडे वळूं. आज त्यांच्या हातीं काय आहे? एका राखी चित्रांतील काळ्यापांढऱ्या छटांवरून दुसऱ्या चित्राचा प्रत्येक बिंदु किती सरकवावयाचा हें संगणकास सांगतां येतें. भिंतींना पाण्याचे हेलकावे येतात ते असे. प्रत्येक चित्र तांबडा, हिरवा व निळा अशा तीन थरांचें असतें. ते थर जरा इकडेतिकडे केले कीं चेहऱ्याच्या कडा फुटतात. तिसरी एक युक्ति अधिक चमत्कारिक आहे. संगणकांतील चित्रफितींत बहुधा प्रत्येक चित्र पुरें सांठविलेलें नसतें. कांहीं अंतरानें एक पूर्ण चित्र असतें, आणि मधल्या चित्रांऐवजीं मुख्यतः कोणता भाग कोठें सरकला याचीच नोंद असते. दृश्य बदलतांना येणारें पूर्ण चित्र काढून टाकलें, तर नव्या दृश्याची हालचाल जुन्या दृश्याच्या रंगांना ओढूं लागते. एकाच्या चेहऱ्यांतून दुसऱ्याचें चालणें उमटतें. हीं साधनें हलकीं आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. रॉबर्टसनच्या हातीं तीं असतीं तर त्यानें पॅरिस वेडें करून सोडलें असतें. परंतु फळी घेऊन पळणाऱ्याला पळण्यापूर्वीं विचार करावा लागे, कारण पाय दुखत. जाळी धरणाऱ्याला करावा लागे, कारण घेतलेलें चित्र पुन्हां सरळ होत नसे. आज वांकडें केलेलें एका बोटानें सरळ होतें, म्हणून वांकडें करण्यापूर्वीं कोणी थांबत नाहीं. पूर्वीं साधनाची अडचण विचार करावयास लावी. आतां तो विचार आपला आपण केला पाहिजे.

हें सगळें आम्हीं त्या पांच जणांना बोलावून सांगितलें, आणि एकच काम दिलें. आपल्या चित्रांत जेथें जेथें चित्र वांकडें होतें, तेथें तेथें कागदावर लिहावें: हें कोण पाहतें आहे? मुलगी, वाडा, कोनाड्यांतलें जें काय आहे तें, कीं कॅमेरा? उत्तर सुचणार नाहीं त्या ठिकाणीं चित्र सरळ करून टाकावें. मुलें कागद घेऊन गेलीं. दोन दिवसांनीं त्यांचा निरोप आला: कागदावर तीनच उत्तरें उरलीं आहेत, आणि तीन दिवसांसाठीं वाडा पुन्हां मागून घेतला आहे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत तीं पुन्हां आलीं. आतां चित्र अकरा मिनिटांचें झालें होतें. वाड्याच्या माजघराला अंगणाकडची एक खिडकी होती, आणि तिची कांच फार जुनी, लाटा असलेली अशी होती. पूर्वींच्या चित्रांत ती कोणाच्या लक्षांतही आली नव्हती. आतां पहिल्याच दिवशीं, लख्ख उन्हांत, ती मुलगी त्या कांचेंतून बाहेर पाहते. अंगणांतून मांजर जातें आणि कांचेच्या लाटेंत त्याची पाठ क्षणभर लांबते. मुलीला हंसूं येतें, आपल्यालाही येतें. दुसऱ्यांदां चंद्रप्रकाशांत तुळशीवृंदावन तसेंच हलतें. मुलगी कांचेला बोट लावून पाहते आणि निश्चिंत होते. तिसऱ्यांदां रात्रीं उकडतें म्हणून ती खिडकी सताड उघडते, आणि वळून आंत कोनाड्याकडे पाहते. मध्यें कांच नाहीं. आणि कोनाड्याची भिंत तशीच, अगदीं थोडी, हलते.

संगणकांतील तेंच साधन, तोच हेलकावा. फक्त या वेळीं त्याला आधीं एक धनी देऊन मग तो काढून घेतला होता.

खोलींत कोणी बोललें नाहीं. चित्र संपण्यापूर्वींच आमच्या मातुःश्री उठल्या आणि मधल्या बोळांतला दिवा लावून आल्या. विचारलें तेव्हां म्हणाल्या, "चहाला उठायचंच होतं." परीक्षेंत मुलांना किती गुण मिळाले हें आम्हीं विचारलें नाहीं. तो दिवा मात्र त्या रात्रीं सकाळपर्यंत कोणीं मालविला नाहीं.